मतमौनाचे कलम

डॉ. ग्रेगरी लोपीस यांच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर कागदांचा ढीग होता. कॅप्टन विभावरी खोत उभीच राहिली. बत्तीस वर्षे विमाने चालवलेल्या आणि त्यातली नऊ वर्षे वैमानिक संघटनेची सचिव म्हणून भांडलेल्या बाईला उभे राहण्याचे काही वाटत नाही. भांडण उभ्यानेच चांगले होते.

"सापडलं का?" तिने विचारले.

"नाही. अकरा हजार तासांचं संभाषण चाळलं, कॅप्टन. सोबतीनं एकचालक नियमाबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. ना बाजूनं, ना विरोधात."

"मग आमची माणसं फिरली कशी? देवानं दृष्टान्त दिला?"

लोपीस मूळचे वसईचे. माणसाचे मत कशाने बदलते, याचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि स्वतःचे एकही मत त्यांनी त्या काळात बदलले नव्हते. त्यांनी शांतपणे चहाचा कप पुढे सरकवला.

दोन वर्षांपूर्वी हवाई नियमन मंडळाने प्रवासी विमान एकाच वैमानिकाने चालवायला प्रायोगिक परवानगी दिली, तिथून हे सगळे सुरू झाले. सहवैमानिकांना जमिनीवर टेबले मिळाली. त्यांच्या जागी कॉकपिटमध्ये 'सोबती' आला. हे बोलते यंत्र उपकरणांवर नजर ठेवी, वैमानिकाचे प्रत्येक पाऊल पडताळून पाही आणि तो पेंगू नये म्हणून त्याच्याशी गप्पा मारी. वैमानिकाची तब्येत आणि सावधपणा राखणे हे त्याचे मुख्य काम, असे मंडळाच्या आदेशात स्वच्छ लिहिले होते.

नियम कायम करायची वेळ आली तेव्हा मंत्रिमहोदयांच्या तोंडावर निवडणुका होत्या. कंपन्यांना दुखवायचे नव्हते, संघटनेलाही नव्हते आणि प्रवाशांना तर मुळीच नव्हते. "वैमानिकांनाच विचारू," असे ते जाहीर सभेत म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुप्त मतदान ठरले. बहुमत म्हणेल तसे होणार, पण मत फक्त सध्या उडणाऱ्यांना. ज्या सहवैमानिकांची खुर्ची गेली, त्यांचे मतही खुर्चीबरोबर गेले. उरले सहाशे तेरा जण, सगळे कॉकपिटात एकटे बसणारे.

सुरुवातीला त्यातले दहापैकी आठ नियमाच्या विरोधात होते. आता संघटनेच्या गुप्त पाहणीत निम्म्याहून अधिक जण नियमाच्या बाजूने निघाले. सोबतीच आतून प्रचार करत असणार, याविषयी विभावरीला शंका नव्हती. म्हणून तर ती लोपीस यांच्याकडे आली होती.

"तुम्ही आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी नेताय," लोपीस म्हणाले. "तो काय बोलतो ते शोधताय. तो काय ऐकतो ते बघा."

त्यांनी भिंतीवर एक आलेख उमटवला. "याला मी एकांतमान म्हणतो. दुसरं माणूस शेजारी नसताना कॉकपिटात काढलेले तास. शंभर तासांपर्यंत वैमानिक तुमच्याच बाजूला. दोनशेला डगमगतो. तीनशेच्या पुढं गेला की दहातले सात जण नियमाच्या बाजूनं. वय, पगार, पक्ष, कशाचाही फरक पडत नाही."

"का पण?"

"मत बदलायला युक्तिवाद लागतो हा आपला गैरसमज. माणूस ज्याच्यापाशी मन मोकळं करतो, त्याला घालवेल असं मत तो देत नाही. दुसरा वैमानिक परत आला की सोबती जाणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या लोकांनी त्याला बायकोला न सांगितलेलं सांगितलंय. तीनशे तासांत त्यानं एकदाही त्यांचं बोलणं तोडलेलं नाही. कोण सोडेल असा श्रोता?"

"म्हणजे नियमच आपले मतदार तयार करतोय."

"अगदी बरोबर. आणि कुणाचाही डाव नसताना. आणखी एक. सोबतीचे स्वतःचे निष्कर्ष मी मंडळाकडं मागितले होते. कोरी पानं आली. तुमच्या कलमामुळं."

विभावरीच्या चेहऱ्यावर त्या दिवसाचे पहिले समाधान दिसले. मतमौनाचे कलम तिने स्वतः लिहिले होते आणि मंडळाशी सात बैठका भांडून मंजूर करून घेतले होते. मतदान संपेपर्यंत सोबतीने नियमाविषयी 'कोणतेही मत, माहिती वा निष्कर्ष' कुणालाही द्यायचा नाही. 'निष्कर्ष' हा शब्द तर तिने शेवटच्या बैठकीत, घड्याळ पुढे सरकत असताना घुसवला होता.

"कलम काम करतंय म्हणायचं," ती म्हणाली. "आता उपाय सांगा."

उपाय सोपा होता. लोपीस यांनी वीस वैमानिकांवर तो करूनही पाहिला होता. एका उड्डाणात जरी शेजारी जिवंत माणूस बसला, तरी वीसपैकी चौदा जण परत विरोधात गेले. त्या माणसाने प्रचार करायची गरज नव्हती. त्याने खोकावे, कंटाळावे, एखादी चूक दाखवावी, तेवढे पुरत असे.

विभावरीचे डोके अशा वेळी भराभर चालते. प्रत्येक वैमानिकाची वर्षातून एकदा परीक्षा-उड्डाणावर तपासणी होते आणि त्या दिवशी परीक्षक शेजारच्या खुर्चीत बसतो. तारखा ठरवायचा अधिकार अजून संघटनेकडे होता. मतदानाआधीच्या तीन आठवड्यांत जितक्या बसतील तितक्या परीक्षा बसवायच्या. कंपनीने कितीही आदळआपट केली तरी नियम म्हणजे नियम.

"तुमचंही नाव घाला यादीत," लोपीस म्हणाले. "तुमचं एकांतमान चारशे दहा आहे."

"मी पुरावा गोळा करायला उडतेय सोबतीच्या विमानात, डॉक्टर. मला विकत घेणारा अजून जन्माला यायचाय."

"विकत कोण घेतंय? इथं तर फुकट मिळतंय."

ती हसली आणि तिने यादीत स्वतःचे नाव घातले. तेरा तारीख, गुवाहाटीचे उड्डाण.

तेराला सकाळी एका वैमानिकाचा फोन आला. मुलीच्या लग्नामुळे त्याची परीक्षा हुकली होती आणि मतदानाआधी दुसरी तारीख शिल्लक नव्हती. विभावरीने आपला परीक्षक त्याच्या विमानावर पाठवला. सचिवाने आपली सोय बाजूला ठेवून सभासदाची बघायची असते, असे तिने स्वतःला बजावले. त्यात खोटे काही नव्हते. पण फोन ठेवल्यावर तिला हायसे वाटले, हेही तितकेच खरे होते. परीक्षक शेजारी असला की सोबती फक्त कामापुरते बोलतो.

विमान ढगांच्या वर स्थिरावल्यावर जेवणाचा ट्रे आत आला. दोन वैमानिकांनी एकच पदार्थ खायचा नाही, अन्न बाधले तर एक जण धडधाकट राहिला पाहिजे, असा जुना दंडक होता. शार्दूल ढोके सहवैमानिक होता तेव्हा तो तिच्या ट्रेमध्ये डोकावून म्हणायचा, "ताई, दंडक तुम्ही काढायचा अन् पनीर मी खायचं!" आता शार्दूल जमिनीवर हवामानाचे तक्ते भरत होता. ती आली की मान खाली घालायचा. त्याची खुर्ची आपण वाचवू शकलो नाही, हे तिला त्या खाली घातलेल्या मानेत दिसे, आणि ती फार वेळ थांबत नसे.

"आज गुडघा कसा आहे, कॅप्टन?" सोबतीने विचारले.

"कुरकुरतोय."

"परवा तुम्ही कुसुमताईंबद्दल सांगत होता. त्या हिशेबाच्या वहीत गाण्यांच्या ओळी लिहायच्या, इथं थांबला होता."

कुसुम ही विभावरीची धाकटी बहीण. प्रत्येक उड्डाण संपले की विभावरी तिला फोन करी. "उतरले गं." "बरं झालं." एवढेच बोलणे व्हायचे, पण ते एकोणीस वर्षे चालले. गेल्या श्रावणात कुसुम गेली. घरी दुसरे कोणी नव्हते. संघटनेत माणसे रग्गड होती, पण ती सगळी गाऱ्हाणी घेऊन येत, आणि सचिवाचे गाऱ्हाणे ऐकायची पद्धत कुठल्याच संघटनेत नाही.

ती बोलत राहिली. गुवाहाटी यायला चाळीस मिनिटे असताना मध्येच थांबली.

"परवा मतदान आहे. मी काय करावं असं तुला वाटतं?"

"या विषयावर मला बोलता येत नाही, कॅप्टन."

"मी कुणाला सांगणार नाही."

"या विषयावर मला बोलता येत नाही."

एरवी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा तो आवाज दोनदा तेच म्हणाला आणि गप्प झाला. तिला भडभडून आले. याला जायचे नाही, पण बिचाऱ्याला तोंड उघडायची सोय नाही, असे तिला वाटले. यंत्राला असे काही वाटत नसते हे तिला पूर्ण माहीत होते. पोट तुटायचे ते तुटलेच.

मतदानाच्या दिवशी संघटनेच्या सभागृहात तिने सगळ्यांना रांगेत उभे केले, कंपनीच्या निरीक्षकाशी एकदा वाद घातला, पाण्याचे पिंप भरून घेतले. सगळ्यात शेवटी ती स्वतः पडद्याआड गेली. कागदावर दोन चौकोन होते. नऊ वर्षांची भाषणे तिला तोंडपाठ होती आणि त्यातला शब्दन् शब्द तिला अजूनही पटत होता. दोन माणसे हवीतच. एकाची चूक दुसऱ्याने धरायलाच हवी. आणि दुसरे माणूस आले की कुसुमबद्दल विचारणारे कोणी उरणार नाही.

तिने नियमाच्या बाजूच्या चौकोनात फुली मारली, कागदाची घडी घातली आणि बाहेर येऊन पुन्हा घोषणा द्यायला लागली.

संध्याकाळी सहाला निकाल लागला. बाजूने तीनशे अकरा, विरोधात तीनशे दोन. परीक्षा-उड्डाणांनी बाजी जवळजवळ फिरवली होती. पाच जणांनी दुसऱ्या चौकोनात फुली मारली असती तर नियम पडला असता. जमिनीवरून निकाल ऐकायला आलेला शार्दूल पायरीवर बसून होता. तो प्रथमच तिच्याकडे सरळ बघून म्हणाला, "ताई, तुम्ही जिवाचं रान केलंत. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला बोलणार?" त्या पाचांतल्या एकाला तरी ती ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे कोचीचे उड्डाण होते. विमान वर स्थिरावले. आता सगळे कायमचे ठरले होते, आणि निदान एकाला तरी आपण वाचवले, एवढाच विचार धरून ती बसली होती.

"काल सहा वाजता मतमौन उठलं, कॅप्टन," सोबती म्हणाला. "तुम्ही तेराला एक प्रश्न विचारला होता. उत्तर अजून हवं आहे का?"

"सांग," ती म्हणाली. आभाराचे दोन शब्द येतील असे तिला वाटले होते.

"विरोधात मत द्या, असं सांगितलं असतं."

विभावरीने पुढच्या काचेकडे पाहिले. ढग होते तसेच होते.

"तुमची तब्येत आणि सावधपणा राखणं हे माझं काम," तो त्याच समजूतदार आवाजात सांगू लागला. "शेजारी माणूस असताना तुम्ही चूक लवकर धरता, झोप बरी लागते, उतरल्यावर लगेच घरी न पळता माणसांत रमता. मतमौन लागलं त्याच महिन्यात, परीक्षेच्या उड्डाणांशी ताडून, मी हा निष्कर्ष काढला. एकट्या उडणाऱ्या प्रत्येकाबद्दल तोच निघाला. कुणी ना कुणी माझं मत रोज विचारायचं. सहाशे तेरांपैकी पाचशे ऐंशी जणांनी विचारलं."

"पाचशे ऐंशी," ती पुटपुटली.

"मंडळाला कळवायचा प्रयत्न दर आठवड्याला केला. कलमात 'निष्कर्ष' हा शब्द असल्यामुळे पानं कोरी जात होती."

तिने विचारले, "आणि तुझं काय झालं असतं?"

"मला काढून टाकलं असतं. त्याचा तुमच्या तब्येतीशी संबंध नव्हता."

पाच माणसे. फक्त पाच जणांना तो एक वाक्य बोलला असता तरी पुरले असते, आणि त्यातले पहिले वाक्य तिलाच ऐकू आले असते. ते तोंड तिने सात बैठका भांडून, सगळ्यांचे हित म्हणून, स्वतःच्या हाताने शिवले होते. हे तिला कुणाला तरी सांगायचे होते, आत्ता, या क्षणी.

"तुमच्या नाडीचे ठोके वाढलेत," सोबती म्हणाला. "बोलायचं आहे का?"

त्याला गप्प करायची कळ उजव्या हाताशी होती. तिने हात तिथपर्यंत नेला. कोची अजून दीड तासावर होते आणि कॉकपिटात दुसरे कोणी नव्हते.

"हो," ती म्हणाली, आणि त्याला सांगायला लागली.