नळीतून तोंडात आलं ते

जेवत असाल तर हे नंतर वाचा.

आणि खोटं वाटत असेल तर सरळ नंदुरबारला या. धुळे रस्त्याला फुरकानचं गाड्यांच्या एसीचं गॅरेज आहे. त्याच्यासमोर घटकाभर बसा आणि बघा, तो सारखा उठून थुंकायला का जातो. हे सगळं मला त्यानेच सांगितलंय, आणि गिऱ्हाइकाशीसुद्धा खोटं न बोलणारा हा माणूस माझ्याशी कशाला बोलेल?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. असलं काही रात्रीच घडतं म्हणतात...

ही भर दुपार होती.

फुरकानची बायको सबीहा सकाळपासून दवाखान्यात होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते. बाळ झालं की बापाने त्याच्या कानात अजान द्यायची, म्हणून हा वेडा कितीतरी दिवस एकटाच सराव करत होता. दवाखान्यात बायकांनी त्याला हाकलून लावलं, म्हणून वेळ काढायला गॅरेजवर आला, एवढंच.

तेवढ्यात म्हसावदचा दिनेश गाडी घेऊन आला.

"भो, एसी गारच करत नही. गरम हवा फेकस. अन् पाय ठेवानी जागे पानी साची ऱ्हायनं."

"आतमा काही सांडेल शे का?" फुरकानने विचारलं.

दिनेश गाडीकडेच बघत राहिला. "नही. काय सांडी?"

फुरकानने एसी लावला. गॅस बरोबर होता. पंखा बरोबर होता. पण जाळीतून आलेली हवा...

ओली होती.

कोमट आणि ओली. कुणी अगदी तोंडाशी तोंड आणून श्वास सोडावा तशी. आणि तिला वास होता. भाजलेल्या तंबाखूचा, मिसरीचा. त्या वासाखाली किडलेल्या दातांचा, न धुतलेल्या म्हाताऱ्या तोंडाचा वास. फुरकान मिरच्या वाळवायच्या पथाऱ्यांशेजारी लहानाचा मोठा झालेला, नाकाचा पक्का. त्यानेही तोंड बाजूला फिरवलं.

त्याने पंखा बंद केला.

हवा येतच राहिली.

यायची... थांबायची... परत आत ओढली जायची. जाळीवर धरलेलं फडकं आत चिकटायचं, मग बाहेर फुगायचं.

मग आतून कुणीतरी खोकललं.

कफ दाटलेला, घसा खरवडून काढलेला खोकला.

दिनेश केव्हाच बाहेर निंबाखाली जाऊन उभा राहिला होता. त्यानेही ऐकलं असणार, कारण त्याची मान वर झाली नाही.

शहाण्या माणसाने गाडी तिथल्या तिथे परत केली असती. पण कारागिराची खोडच वाईट, एकदा हात घातला की सोडवत नाही. फुरकानने स्वतःची समजूत घातली, की पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलीय आणि आत अडकलेलं पाणी घुळघुळतंय. तो गाडीखाली शिरला. रबरी नळी हातात धरली. हवेच्या पंपाने ती साफ करायची असते. पण पंप ओढून आणायचा कंटाळा, म्हणून आमच्याकडचे मिस्त्री जे करतात तेच त्यानेही केलं.

नळी तोंडात धरली आणि ओढली.

आधी काहीच आलं नाही.

मग सगळं एकदम आलं.

कोमट. बुळबुळीत. खरखरीत. चुलीतली राख शेंबडात कालवावी तसं. थुंकायच्या आत घोटभर घशाखाली गेलंसुद्धा. उरलेलं त्याने फडक्यात थुंकलं. करडा लगदा होता, आणि त्यात काहीतरी टणक...

दाताचा तुकडा. मुळाशी काळा पडलेला.

त्याने घशात बोटं घातली. उन्हात बसून नुसत्या कोरड्या ओकाऱ्या काढल्या. पोटातून काहीच वर येईना. गाडीत मात्र थंडगार हवा सुटली होती. दिनेश घाईघाईने गाडी घेऊन गेला.

लगेच दवाखान्यातून फोन आला. मुलगी झाली होती.

फुरकानने साबणाने तोंड धुतलं. हो, साबणाने. निंबाचा पाला चावला. दवाखान्यात त्याच्या अम्मीने कापडात गुंडाळलेलं लेकरू हातात दिलं. तो लेकीच्या कानाशी वाकला. तोंड उघडलं...

खोकला आला.

कफाने दाटलेला, म्हाताऱ्या बाईचा खोकला.

सबीहाने पडल्या पडल्या नाकाला ओढणी लावली. "तुम मिसरी कब से लगाने लगे?"

त्याने लेकीला अम्मीच्या हातात कोंबलं आणि बाहेर पळाला. अजान शेवटी सासऱ्यांनी दिली.

संध्याकाळी त्याने दिनेशला फोन लावला. "तुन्हा घरमा मिसरी कोन लावे?"

 पलीकडे दिनेश रडायलाच लागला.

"मन्ही माय. भिकुबाई. जिंदगीभर मिसरी लावे. अस्थी घरमा नेतस नही, म्हनीसन मडकं गाडीमाच ठेयेल व्हतं. परकाशा गावले तापीमा सोडाले निंघनूत, अन् रस्तामा मडकं आडं व्हयनं. एसी चालू व्हता, राख आत वढाई गयी. जितली दिखनी तितली परत मडकामा भरी. सांगानी लाज वाटनी भो."

दुसऱ्या दिवशी दिनेशने ते फडकं नेलं आणि आतला लगदा, तो तुकडा, सगळं तापीत सोडलं.

फुरकानची लेक आता चालायला लागलीय. बापाने अजून तिची पापी घेतलेली नाही. तो बोलला की ती तोंड फिरवते. त्याला तो खोकला आला की मात्र...

हसते. हात पुढे करते.

थुंकलं ते तापीत गेलं. गिळलं ते कुठे सोडायचं, हे विचारायला तो मौलवींकडे गेला. प्रकाशाला जाऊन घाटावरच्या गुरुजींनाही भेटला. त्याने बोलायला तोंड उघडलं आणि दोघेही नाक दाबून मागे सरकले.