भिंतीवरचे तीन ठोके

सहा वर्षं आमची ख्रिस्ती मंडळी भातकुलीत भाड्याच्या एका खोलीत भरे. शेजारी किसनराव, कांद्याचा व्यापारी. मधली भिंत सामाईक. गाण्याचा आवाज चढला, की त्या भिंतीवर तीन ठोके पडत. ठक, ठक, ठक. लगेच प्रीतम ढोलकीवर पंजा ठेवे आन् आमी कुजबुजल्यासारखं गाऊ. शेजाऱ्याले कशाले दुखवा? पण मनातल्या मनात मी किसनरावले लय शिव्या दिल्या, कबूल करतो.

औंदा अमरावती रोडले आमची स्वतःची इमारत झाली. भिंती मी उचलल्या, पुंजाजी मिस्त्रीनं. नऊ इंची, ओळंब्यात, आन् चारी बाजूंनी मोकळं वावर. पास्टर जीवननं पहिल्याच दिवशी रीत घालून देली. खोलीत आपण चोरासारखे दार लावून बसलो, इथं दार वाजलं की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "या!" उशिरा आलेल्याले दार उघडून चटई द्यायचं काम माझ्या पोरीचं, हर्षाचं.

पहिल्या रविवारी प्रीतमनं ढोलकी अशी वाजवली, का बाप्पा! आन् तिसऱ्या कडव्याले डाव्या भिंतीवर ठक, ठक, ठक.

सवयीनं सगळे हळू झाले. मग एकमेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मी पळतच बाहेर गेलो. सोयाबीन निघालं होतं, वावर बोडकं. कुत्रं बी नाई.

माझा पहिला वहीम प्रीतमवर, कारण तो मोठा नकल्या. पुढच्या रविवारी त्याले मधात बसवलं. तरी ठोके पडलेच. मग मी थापीच्या दांड्यानं भिंत वीतवीत वाजवून पाहिली. भरीव. तोवर लोकाईचा वहीम माझ्यावर आला, पुंजाजीनं भिंत पोकळ ठेवली म्हणून! महिन्याभरात चाळीसाचे एकोणीस झालो.

"पुंजाजीभाऊ," पास्टर म्हणाले, "असंच चाललं तं परत खोलीतच जाऊ."

काळजात लागलं ते. माझ्या हातची भिंत, आन् माणसं तिच्यापासून पळून राहिली!

मी तडक किसनरावच्या घरी गेलो. "खरं सांगा, आमच्या मागंमागं येऊन भिंत ठोकता का?"

"मी काहून ठोकीन?" तो म्हणाला. "तुमी इथं होते तवा बी कधी ठोकली नाई. मले तं गाणं आवडे तुमचं. मीच म्हणो, हे लोक मधातच हळू काहून होतात?"

त्यानं मले त्याच्या बाजूची भिंत दाखवली. खालून छतापर्यंत कांद्याच्या पोत्यांची बारमाही थप्पी. मागं हात जायले जागा नाई.

मग सहा वर्षं ठोकलं कोणी? घरी येईपर्यंत मात्र त्या ठोक्यांचा रागच आला. मी कोणाले काही सांगितलं नाई. उलट घरोघर जाऊन खोटं बोललो, "नवी भिंत आहे, वाळताना वाजते. येत्या रविवारी थांबायचं नाई, बिनधास्त गायचं." मिस्त्रीचा शब्द, कोण काटणार?

रविवारी दहाच्या उन्हात चाळीसचे चाळीस आले. दार लोटून हर्षानं कडी घातली.

तिसऱ्या कडव्याले ठोके पडले. आमी थांबलो नाई.

परत पडले. आमी आवाज चढवला.

मग ते तीनचे राहिले नाई. दोन्ही हातांनी कोणी विनवण्या कराव्या तसे पडत गेले. मी भिंतीवर तळवा ठेवला. ठोका भिंतीच्या आतून येऊन राहिला होता, नेमका माझ्या हाताखाली.

मग बंद झाले.

गाणं संपलं. लोकाईनं टाळ्या वाजवल्या, बाया रडल्या. पास्टरनं मले मिठी मारली. खरं सांगतो, तेवढा आनंद मले जन्मात झाला नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं.

एकच ठोका. जड.

मी भराभर डोके मोजले. चाळीस. मंडळीचं बाहेर कोणीच नव्हतं.

"या!" सगळे एका आवाजात म्हणाले.

हर्षा हसत उठली, चटई बगलेत धरून.

माझ्या मागं भिंतीवर ठोके पडले. तीन. अगदी हलके, दाराबाहेरच्याले ऐकू जाऊ नये असे.

"हर्षा, थांब!" मी ओरडलो. पण तोंडातून निघाली ती कुजबूज. सहा वर्षांची सवय.

कडी काढल्याचा आवाज मात्र मोठा झाला.