फोटो क्रमांक एकतीस

"अहो, तिथे नको – एक पाऊल मागे. हं… आता काठी सरळ धरा."

गोदामात शिरताक्षणीच एका अनोळखी माणसाने तिच्या हातात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी दिली आणि तो कॅमेऱ्यामागे गेला. तीही मुकाट्याने उभी राहिली. त्याने लेन्सची कडी अलगद फिरवली आणि मान वर न करताच म्हणाला, "झालं. आता सरका."

"सरकू?"

"फोटोत तुम्ही नकोय. खांब हवाय."

असं तोंडावर तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "मी इंजिनिअर," ती म्हणाली. "या खांबांचे तडे तपासायला आलेय. तुम्हाला मीच बोलावलंय."

फोटोग्राफरचे कान लाल झाले. "सॉरी मॅडम… मला वाटलं, काठी धरायला माणूस पाठवलाय."

"माणूसच आहे मी." तिला हसू आवरेना.

गोदाम जुनं, खांब चाळीस, सगळे एका रांगेत. अहवालासाठी प्रत्येक फोटोत समोरच्या खांबावरचा तडा हवा आणि मागची अख्खी रांगही हवी.

"खांबावर फोकस केला तर रांग पुसट, रांगेवर केला तर खांब पुसट," त्याने सांगितलं. "म्हणून पावणेचार मीटरवर करायचा आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, अकरावर न्यायचं, एकदम बारीक. मग त्या अंतराच्या निम्म्यापासून पार टोकापर्यंत सगळं रेखीव येतं."

"पण पावणेचार मीटरवर तर काहीच नाही."

"म्हणून तर तुम्ही!"

"आणि मग मलाच हाकलायचं?"

"फोकस करताना ॲपर्चर दोनवर असतं, सताड उघडं. तेव्हा फक्त तुम्ही स्पष्ट दिसता, बाकी सगळं धुकं. अकरा केलं की उजेड कमी येतो, शटर दोन सेकंद उघडं ठेवावं लागतं. राहाल दोन सेकंद गप्प उभ्या?"

"नाही."

"वाटलंच मला."

दुसऱ्या दिवशीही काठी धरायला माणूस मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी मिळाला असता, पण तिने मागितलाच नाही.

शुक्रवारी चाळिसावा खांब झाला. कॅमेऱ्याची तिवई मिटता मिटता तो म्हणाला, "सोमवारपासून धरणाच्या कामावर. आठ महिने."

"अरे वा, छान," ती म्हणाली. छान कसलं डोंबलाचं! तो तिला आवडला होता, चांगलाच आवडला होता, आणि त्यासाठी तिने आठवडाभर काठी धरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तोही 'सरका'च्या पुढे गेला नव्हता.

शनिवारी सकाळी ती घरी फोटो तपासत बसली. चहा ठेवायला आलेली ताई खांद्यावरून डोकावली. "यात खांब कुठाय गं? मला तर तूच दिसतेयस."

फोटो क्रमांक एकतीस. खांब पुसट, रांग पुसट. मधोमध काठी धरून ती, कपाळावरच्या बटेसकट स्वच्छ. प्रत्येक फोटोखाली आकडे छापलेले होते – ॲपर्चर अकरा, शटर दोन सेकंद. या एकाच फोटोखाली ॲपर्चर दोन होतं. शटरचा आकडा तिने दोनदा वाचला. मग फोन लावला.

"एकतीस नंबर नापास. पुन्हा काढायचा. आजच."

तासाभरात तो गोदामात हजर. "चुकून… अकरा करायचं राहिलं, मॅडम."

"चुकून राहिलं असतं तर फोटो पांढराफटक पडला असता. शटरही बदललंय तुम्ही, सेकंदाचा पंधरावा भाग. चांगला विचार करून बदललंय."

चोरी पकडली गेली होती. तो कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"तीस वेळा तुम्हाला सरका म्हणालो," तो म्हणाला. "एकतिसाव्यांदा… म्हणवेना."

ती म्हणाली, "मग तोंडाने सांगायचं! मी आकडे वाचलेच नसते तर?"

"तुम्ही? आकडे वाचले नसते?"

तिने विषय बदलला. "धरण किती लांब आहे?"

"बसने सहा तास."

"म्हणजे रविवारी येता येईल."

"दर रविवारी," तो म्हणाला, आणि मग घाबरत, "चालेल?"

"आवडेल मला. आता फोटो काढा."

पावणेचार मीटरवर ती काठी धरून उभी राहिली. त्याने फोकस केला, ॲपर्चर अकरावर नेलं. ती सवयीने बाजूला व्हायला निघाली.

"सरकू नका!" टायमर लावून तो धावतच तिच्याशेजारी आला. "आता फक्त दोन सेकंद गप्प."

ती राहिली गप्प, मोजून दोन सेकंद.

सोमवारी साहेबांनी अहवाल चाळला आणि एकतीस नंबरवर थांबले. समोरच्या खांबाचा तडा, मागची रांग, शेवटचं दार, सगळं रेखीव होतं.

"ही दोन माणसं कशाला?"

"मापासाठी, सर. खांबाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून."

"मापाला एक माणूस पुरला असता."

"एकाने अंदाज चुकतो, सर," ती म्हणाली, आणि सहीसाठी पेन पुढे केलं.