एका कपात एकच

'दार लावून घ्या' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असूनही तो दार सताड उघडं टाकून आत आला. हातात हत्यारांची पेटी, केसांत पावसाचे थेंब… आणि मांडणीवरचे छोटे छोटे कप बघून म्हणाला, "वा! चहाची तयारी?"

"झाकण उघडून बघा ना," मी गोड आवाजात म्हणाले.

त्याने उघडलं. आतल्या हिरव्या अळीने मान वर केली, आणि पेटी त्याच्याच पायावर पडली. मी हसू दाबलं खरं, पण मास्कच्या वर डोळे उघडेच होते. त्याने ते पाहिले. जरा जास्तच वेळ पाहिले.

भाजीसंशोधन केंद्रात मी टोमॅटो पोखरणारी अळी पाळते. शत्रूवर उपाय शोधायचा तर त्याचं खाणंपिणं, झोप, संसार, सगळं ठाऊक हवं. "लोक अळी दिसली की टोमॅटो फेकतात, आमची लेक तिला भरवते," असं आई कौतुकाने सांगते, आणि मला बघायला आलेले पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात. मला ते सोयीचंच होतं.

एसी बिघडला होता. खोली तापली की अळ्यांचे झालेले पतंग अंडी घालत नाहीत, म्हणून याला बोलावलेलं. पण याचं अर्धं लक्ष कपांत.

"एका कपात एकच?"

"एकच."

"बिचारी! कंटाळत नसेल?"

"सुखात असते," मी म्हणाले. उगाचच तोडून बोलले.

दुसऱ्या दिवशी एका कपात एक टम्म फुगलेली अळी, आणि शेजारी दुसरीचं एवढंसं डोकं. तो शिडीवरून उतरला, चेहरा पडलेला.

"मीच ठेवली. म्हटलं, सोबत होईल तिला…"

"अहो एसीवाले, ही जात एकमेकींना खाते! समोर पोटभर खाद्य असलं तरी. त्यांच्या आईलासुद्धा ठाऊक असावं ते. ती अंडी एकेकच घालते, लांब लांब."

"सॉरी, अळीबाई," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, मला की कपातल्या उरलेल्या बाईंना, देव जाणे! राग यायला हवा होता. आलं हसू… आणि हसता हसता मी ताईबद्दल बोलून गेले.

माझी ताई शर्यतीत पोहायची. भावोजी माणूस सोन्यासारखा, कधी 'नाही' म्हणाले नाहीत. फक्त "आज राहू दे ना," म्हणायचे, तेही लाडाने. तीही राहू द्यायची. एक दिवस तिचा पोहण्याचा पोशाख मुलीच्या बाहुलीचे कपडे शिवायला गेला. म्हणून मला लग्नाची भीती वाटते. भांडणाची नाही… असं हळूहळू, प्रेमाने संपून जाण्याची.

त्याने समजूत घातली नाही. नुसतं ऐकलं, पाना हातात तसाच धरून. मला ते फार आवडलं.

मग एसी रोजच बिघडू लागला. "गॅस कमी झालाय," म्हणायचा. त्या गॅसला रोज रोज काय होत होतं, ते मी विचारलं नाही.

एकदा मी त्याला पतंगांच्या खोलीत नेलं. तिथे आम्ही दिवसरात्र उलटी करून ठेवतो. बाहेर लख्ख दुपार, आत मंद लाल दिवा आणि रात्र. जाळीच्या पिंजऱ्यात पंख थरथरायला लागले… एक उठला, मग दुसरा… जणू अंधारालाच जाग येत होती. साखरपाण्यात भिजवलेल्या कापसाच्या एकाच बोळ्यावर दोघं शेजारी शेजारी बसले.

"आता नाही खात एकमेकांना?" तो कुजबुजला.

"खाणार कशाने? अळी मातीत जाते, कोषात तिचं बहुतेक सगळं विरघळतं आणि नव्याने घडतं. पतंगाला चावायला जबडाच नसतो. नुसती सोंड, मध प्यायला."

"मला पुरा की मग कुंडीत."

"कुंडी मोठी लागेल."

अंधारात त्याचा हात माझ्या हाताला लागला. दोघांनीही हात बाजूला घेतला नाही. मला तो हवा होता. अगदी खरं सांगते, फार हवा होता.

मग एके दिवशी एसी इतका शहाण्यासारखा चालत होता की, यायला त्याच्यापाशी निमित्तच उरलं नाही. तरी तो आला. बाहेर पाऊस झिमझिमत होता. "चला ना, जरा भिजून येऊ. मला काहीतरी विचारायचंय."

"अळ्यांचं खाद्य बदलायचंय."

"आज राहू दे ना…"

माझ्या हातातला ट्रे खाडकन टेबलावर आदळला. "हेच! हेच शब्द! इतकं सांगूनही? निघा तुम्ही!"

तो पांढराफटक पडला. दारापर्यंत गेला… थांबला.

"लग्नाचं विचारणार होतो," तो म्हणाला. "आता कोणत्या तोंडाने विचारू? पुन्हा असं बोलणार नाही, अशी शपथही घेता येत नाही. मी काही कोषातून आलेलो नाही, मला जबडा आहे. चावेन कधीतरी, कळणारही नाही मला. पण तुम्ही आत्ता ओरडलात ना, तशा ओरडा. लगेच. राहू देऊ नका… मी सोडेन."

इतकं बिनसजावटीचं प्रेम मला कुणी कधी देऊ केलं नव्हतं. भीती गेली नाही. पण तिच्यापेक्षा मोठा माझा स्वतःचा आवाज मी नुकताच ऐकला होता, आणि तो काही वाईट नव्हता.

"दार लावा," मी म्हणाले. "आतून. आणि हातमोजे घाला, ही सगळी रांग बदलायचीय."

त्याने निमूट घातले, उलटेच. मग पहिलं झाकण उघडलं.

"आणि… जे विचारणार होता, ते नीट विचारा," मी म्हणाले. "माझं उत्तर 'हो' आहे, पण मला प्रश्न ऐकायचाय."