नीलचं शेवटचं पिंप

ग्लास जवळ ओढा, पोरांनो. ही गोष्ट जेड साइक्सची. पलीकडच्या गल्लीत छपरं दुरुस्त करतो, तोच. मी ती त्याच्या तोंडून ऐकली, आणि या पबाच्या मालकिणीनं, डोरीननं, त्यातलं काहीच खोडून काढलं नाही.

मागच्या नोव्हेंबरात, अठरा तारखेला, सोमवारी, जेड एक पिंप घेऊन याच पबात आला. त्याचा थोरला भाऊ नील टेकडीवरच्या गोठ्यात बिअर गाळायचा. या पिंपाची बिअर त्यानं भरली आणि दोन दिवसांनी माळावरच्या वळणावर त्याची मोटरसायकल घसरली. तसली बिअर आता पुन्हा होणार नव्हती. कृती नीलच्या डोक्यात होती, आणि कागदावर असती तरी जेडला धड वाचता आली नसती. शाळा त्यानं तेराव्या वर्षीच सोडली होती.

शुक्रवारी दुपारी बाराला नीलचं दफन होतं. त्याआधी भावाच्या हातच्या बिअरचा एक ग्लास प्यायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण असली बिअर जिवंत असते. पिंप आडवं ठेवून, खाली पाचरी मारून गाळ बसू द्यावा लागतो. तोवर डोरीन बिअर ओढायच्या पंपावरची नावाची पाटी भिंतीकडे फिरवून ठेवते. पाटी पाठमोरी असली की कुणी मागायचं नाही. जेडनं पिंप गाडीतून आणताना घाईत गडगडवलं होतं. सगळा गाळ वर आला होता.

मंगळवारी तो आला, पाटी पाठमोरी. बुधवारी पुन्हा. खिडकीजवळचे म्हातारे त्याला हसले. एकानं तर पाटीला लाजाळू नवरी म्हटलं. जेडनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचा विनोद गिळून बसला. गुरुवारी संध्याकाळी डोरीननं थोडी बिअर काढून दिव्यासमोर धरली. गढूळ, चहासारखी.

"उद्या सकाळी बघू, बाळा," ती म्हणाली.

"उद्या त्याला मातीत घालणार आहेत, मावशी."

"मला माहीत आहे रे. पण मी तिला दटावून निवळवू शकत नाही."

अकराला पब बंद झाला. ग्लास धुऊन दार ओढून घेतो, असं सांगून जेडनं तिला वर झोपायला पाठवलं. अकरा चाळीसला तो तळघरात उतरला.

पिंपाची तोटी फिरवून त्यानं ग्लास भरला. तोंडाला लावला. नुसता चिखल. खमिराचा कडवट रबडा जिभेला चिकटला. त्यानं ग्लास भिंतीवर फोडला आणि सगळ्या ताकदीनिशी पिंपाला लाथ घातली.

पाचरी निसटल्या. पिंप एका कुशीवर कललं. आत काहीतरी डचमळलं.

मग त्याला कळलं. आता सोमवारपर्यंत गाळ बसत नाही. चार दिवस वाट पाहून, स्वतःच्या पायानं घालवलं. तो फरशीवर बसला आणि स्वतःला नाही नाही ते बोलला. नीललाही बोलला. हळू चालवायला काय झालं होतं तुला...

तेवढ्यात गारव्याचं यंत्र थांबलं. दिवा गेला.

शांतता.

मग लाकडावर लाकूड. टक्. थांबून, पुन्हा... टक्.

कुणीतरी पाचर मारत होतं. घाई नव्हती.

"नील?"

पिंप हलल्याचा आवाज. सरळ झाल्याचा.

टक्.

मग... काहीच नाही. किती वेळ, त्याला सांगता येत नाही.

तोटी करकरली. धार पडू लागली. आधी जाड आवाज, मग बारीक.

धार थांबली.

आणि अंधारात, त्याच्यापासून हातभरावर... कुणीतरी घोट घेतला.

जेड जिना चढला कसा, ते त्यालाच ठाऊक नाही.

सकाळी दहाला, काळा कोट घालून, तो डोरीनसमोर उभा राहिला आणि लाथेपासून सगळं कबूल केलं. तिनं त्याला असं झापलं की रस्त्यावर ऐकू गेलं. मग दोघं खाली उतरले. पिंप पाचरींवर सरळ होतं. तिनं थोडी बिअर काढली, दिव्यासमोर धरली. पलीकडे तिची बोटं दिसत होती, नखांसकट. तीस वर्षं ती हे काम करतेय. लाथ खाल्लेलं पिंप एका रात्रीत निवळत नाही.

वर येऊन तिनं पाटी लोकांकडे फिरवली आणि पंप ओढला. जेड उभ्यानं प्यायला. अर्ध्यावर थांबला, बाहीनं डोळे पुसले.

"चार दिवस मी खेटे घालतोय," तो म्हणाला, "आणि पहिला ग्लास हा पिऊन गेला."

कारण तोटीखाली, फरशीवर, एक रिकामा ग्लास उभा होता. आत फेसाची चार कडी, एकाखाली एक, प्रत्येक घोटाला एक.

तो डोरीननं धुतला नाही. वर, घड्याळाशेजारी ठेवलाय. अशी कडी तासाभरात वाळून जातात. काल मी खुर्चीवर चढून आत बोट घातलं होतं.

फेस ओला होता.