चार बोटं हवा

त्या माशाला कोणीतरी बुडवून मारायला निघालं होतं. हो, माशालाच, आणि तेही पाण्यात. असं कोणीतरी, ज्याला सगळं आधीच माहीत असतं आणि जे समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नाही. कोण, ते कळेलच.

रविवारी सकाळी मी त्या माशाला आणायला गेले. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ वारले होते आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला, काकूंना, माशाची टाकी झेपत नव्हती. लोक हौसेने मासे आणतात आणि कंटाळा आला की गटारात सोडून देतात, याची मला भयंकर चीड आहे. म्हणून असे नकोसे झालेले मासे मी घरी आणते.

हा बिचिर होता, आफ्रिकेतल्या नद्यांतला मासा. हातभर लांब, सापाच्या अंगाचा, पाठीवर करवतीच्या दात्यांसारखी परांची रांग. टाकीच्या तळाशी पुढचे दोन पर टेकून असा बसला होता, जणू खिडकीत कोपर टेकून कोणी रस्ता बघतंय.

"सतरा वर्षं झाली याला आमच्याकडे," काकू म्हणाल्या. "पाणी भरताना दादा काय करायचा, की..."

"मला माहीत आहे, काकू."

"माहीत आहे? बरं. म्हटलं सांगावं."

"या माशाबद्दल मी सगळं वाचलंय."

"मग काय, वाचणाऱ्यांपुढे आम्ही आपले अडाणी," असं म्हणून त्या हसल्या.

मी वाचलं होतं ते इतकंच, की बिचिर भारी पळपुटा. दोन बोटांची फट मिळाली तरी बाहेर सरपटतो. घरी आणून मी टाकी काठोकाठ भरली. सतरा वर्षं बिचाऱ्याला कमी पाण्यात ठेवलं, असंही मनात आलं. वर काचेचं झाकण बसवलं, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली, हवेच्या नळीभोवती स्पंज ठासला. पाणी आणि काच यांच्यामध्ये कागदसुद्धा सरकला नसता. शेजारी माझी वेताची खुर्ची ठेवली, त्याला अंधार आवडतो म्हणून पडदे ओढले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुशाल कामाला गेले.

माझं काम म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं. खोली बंद, भिंतींना गाद्या, आवाज नको म्हणून पंखाही बंद. दुपारी दोनच्या सुमारास एका लांबलचक वाक्यात माझा दम तुटला.

काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, "ताई, श्वास घ्या. फुकट आहे. आवाज आला तर मी कापतो."

मी श्वास घ्यायला वर मान केली, आणि तशीच राहिले.

बिचिर पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेतो. कल्ले असतात, पण नुसत्या कल्ल्यांवर तो फार काळ तगत नाही. हेही मी कधीतरी वाचलं होतं. काकू हेच सांगत होत्या.

"कुठे निघालात? अर्धं पान राहिलंय," तो म्हणाला. मी चप्पल हातात घेऊन धावत सुटले होते.

इमारतीत वीज नव्हती. म्हणजे टाकीतली हवेची मोटरही बंद. तीन जिने चढून मी कुलूप काढलं. आत पडद्यांमुळे संध्याकाळ झाल्यासारखी होती. नदीकाठच्या चिखलाचा वास येत होता. आणि त्या शांततेत आवाज आला... बुळुक. मग, जरा थांबून, हं... असा लांब, सावकाश श्वास.

पहिला आवाज माशाचा होता.

टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं. झाकण जागच्या जागी, चिकटपट्टी चारही बाजूंनी घट्ट, स्पंज ठासलेला. मी फरशीवरून हात फिरवला. कोरडी. बादली न्हाणीघरात पालथी. वर काच आणि पाणी यांच्यामध्ये सुरेख मोकळी हवा. मासा वर आला, घोट घेतला, खाली गेला. आणि पुन्हा खुर्चीतून... हं...

खुर्ची रिकामी होती. पण तिच्या समोर, टाकीच्या काचेवर, बाहेरच्या अंगाला वाफेचा एक गोल धरला होता. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. तो लहान होई, मोठा होई.

मी फरशीवरच बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मासा वर येई, मग वाफ वाढे. घाई नाही, रागावणं नाही. कोणीतरी आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसं. हळूहळू माझाही श्वास त्यांच्या लयीत पडू लागला, आणि मला रडू आलं, भीतीने नव्हे. आज मी या जिवाला मारलं असतं. मी. आणि कोणीतरी मला त्यातून सोडवलं होतं.

"चुकलं माझं," मी हळूच म्हणाले. "पुन्हा नाही होणार."

वाफेचा गोल हळूहळू विरून गेला.

पुढचे पंधरा दिवस मजेत गेले. मासा कोळंबी मटकावून सुस्तावायचा. मी कामावरून लवकर यायचे, जमिनीवर बसून पुढच्या दिवसाची पानं मोठ्याने वाचायचे. खुर्चीतून श्वास आला की वाटे, चला, ऐकणारं कोणीतरी आहे. घड्याळजी जिवंतपणी भेटायला हवे होते, असं पुष्कळदा वाटून गेलं.

परवा दुपारी काकू माशाला बघायला आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी माझ्या आगाऊपणासकट. "तुमचे दादा रोज येतात," म्हटलं, "काळजी करू नका."

काकू रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग तिला वळसा घालून पलंगाच्या कडेला टेकल्या.

"दादा नव्हे गं तो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही तो आला की दादाच खुर्ची सोडून उठायचा."