सुगराच्या शेतातली पिंपं

"गुणाजीची तक्रार उद्या सकाळी पेणच्या ठाण्यात जाणार," सुगरा म्हणाली. "त्यात शाहिदचं नाव आलं की पासपोर्ट अडकला. माझ्या पोरानं कायपण केलेलं नाय, मॅडम."

निशिगंधा पेणमध्ये खाजगी तपासाची कामं घेई आणि आदेश तिचा सहायक होता. गाडी चालवणं आणि गोंधळणं ही त्याची दोन कामं. दुसऱ्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

गडब गावच्या या गुणाजीची विहीर यंदाच्या पावसाळ्यात नासली. पाण्याला उग्र वास आला, म्हैस दगावली. परवा शेजारच्या कमळाकरनं सुगराच्या शेतातून वास येतो म्हणून तिथे खणायला लावलं, तर रसायनांची पिंपं निघाली. सुगराचा नवरा मुराद कतारला होता आणि मुलगा शाहिद पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे निघणार होता. शाहिद रोह्याला एका रसायन कंपनीत शिफ्ट करायचा, म्हणजे पिंपं त्यानंच पुरली, असं गावानं ठरवून टाकलं.

शेतातल्या खड्ड्यात काळी, चिकट माती होती. काठावर निळी प्लॅस्टिकची पिंपं पडली होती. झाकणं घट्ट, अंगावर तांबूस थर.

"गंज चढलाय," आदेश म्हणाला. निशिगंधानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

खड्ड्याला लागूनच सुगराचं तळं होतं आणि त्यात जिताडे मजेत फिरत होते. आदेशचं डोकं भणाणलं. शेजारचे मासे जिवंत आणि दोन शेतं पलीकडची विहीर मेलेली, हे कुठलं विष?

गुणाजी रागावलेला होता. म्हैस गेली यापलीकडे त्याला काही सांगायचं नव्हतं. त्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला कमळाकरचं हॉटेल होतं, दोन वर्षांमागे मुरमाचा भराव टाकून बांधलेलं. कमळाकरनं दोघांना चहा पाजला, शाहिदसाठी हळहळला. सुगराभाबीचं घर चांगलं, वर्षाचा पहिला जिताडा ती आपल्याकडेच पाठवते, असंही म्हणाला. आदेशला माणूस आवडला.

मग खड्ड्यातली माती घेऊन रोह्याला वैशालीची प्रयोगशाळा. पुरलेल्या कचऱ्यातलं रसायन मातीतून कसं सरकतं, याचं गणित ती संगणकावर मांडायची.

"ही चिकणमाती आहे," ती म्हणाली. "विष वर्षाला जेमतेम वीतभर सरकेल. या खड्ड्यातून विहिरीपर्यंत पोचायला आपली नातवंडं म्हातारी होतील."

विहीर तर आत्ताच नासली होती, तेव्हा संगणक चुकला असं आदेशनं मनाशी ठरवलं. निशिगंधानं वैशालीला गणितात जागा आणि माती दोन्ही बदलायला सांगितलं. या वेळी उत्तर आलं, दोन पावसाळे. आदेश आणखीच गोंधळला.

संध्याकाळी गुणाजीच्या पडवीत सगळे जमले.

"आदेश, प्लॅस्टिकला गंज कधीपासून चढायला लागला?" निशिगंधानं विचारलं. आदेशचे कान तापले.

"तो मुरूम आहे. शेतातली माती काळी आणि पिंपांना लागलेली तांबडी. म्हणजे ती आधी मुरमात पुरली होती. इथे मुरूम एकाच जागी आहे, विहिरीच्या वर, हॉटेलच्या भरावात. तिथली फुटकी पिंपं गळली आणि भुसभुशीत मुरमातून विष दोन पावसाळ्यांत विहिरीत उतरलं. गणितही तेच सांगतं. विहीर नासली तेव्हा मालक घाबरला आणि धड पिंपं उचलून शाहिदच्या माथी मारली." ती वळली. "घट्ट झाकणांच्या पिंपांचा वास तुम्हाला कसा आला, कमळाकरशेठ?"

"पण मग एखादं गळकं पिंपही टाकायचं ना," आदेश न राहवून म्हणाला. "वास तरी खरा आला असता."

"तळं मेलं असतं," निशिगंधा म्हणाली. "ज्या तळ्यातला पहिला मासा दरवर्षी घरी येतो, ते मारायला हात धजला नाही."

"त्या मुक्या जिवांचं पाप नको वाटलं," कमळाकर पुटपुटला.

"नि माझ्या पोराचं?" सुगरानं विचारलं.

आदेशला आता सगळं कळलं होतं, फक्त हा माणूस कळत नव्हता.

गुणाजीनं घसा खाकरला. "भाबी, माझी चूक झाली. तक्रार फाडून टाकतो."

"फाडता कशाला?" सुगरा म्हणाली. "विहीर नासलीय ती हायच. नाव बदला नि द्या."

गुणाजीनं मग सकाळची वाट पाहिली नाही. शाहिदच्याच मोटारसायकलवर मागे बसून तो पेणला गेला.